लाउंजमधली गर्दी कुठं मोजायची?



इथं खाप्यात विषयाची पाटी वाचून एकानं दारातच विचारलं, ‘सर, कन्हानच्या काठी विमान कुठं उतरते?’ (हशा) उतरत नाही. पण इथली पोरं पुण्या-बंगळूरला नोकरीला आहेत, दिवाळीला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरतात. परत जाताना लाउंजच्या दारात कार्ड घासायचं, दोन रुपये कटतात, आत पोहे-चहा. हे तुम्हाला ठाऊकच आहे, पुढं जातो.

फुकटात गर्दी झाली, मग अटी आल्या. आयसीआयसीआय बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली. अमेरिकेत डेल्टा विमान कंपनीनं १ फेब्रुवारी २०२५ पासून अमेक्स प्लॅटिनम कार्डवाल्यांना आपल्या लाउंजच्या वर्षाला १० भेटी ठेवल्या. वर्षात ७५,००० डॉलर खर्च करा, मग मोजणी नाही.

आता माझा हट्ट ऐका. वर्षाच्या भेटी मोजून पहाटेची गर्दी हटत नाही. मुंबई-दिल्लीची विमानं सकाळी पाठोपाठ सुटतात, सगळे एकाच तासाला आत शिरतात. खर्चाच्या अटीत रोज उडणारा साहेब टिकतो, वर्षातून एकदा आईला घेऊन जाणारा बाहेर पडतो. शिवाय तिमाहीला भेटी मोजून दिल्या, की ज्याला बाहेर टपरीवर चहा चालला असता, तोही म्हणतो, ‘तिमाही संपते, वापरून टाकू!’

ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पाचं बघा. तिथं कोणी तुमच्या वर्षाच्या सफारी मोजत नाही. प्रत्येक गेटवर, सकाळ-दुपारच्या पाळीला ठरावीक गाड्या, बस्स.

(मागून आवाज : ‘उमरेडले पाळ्या नव्हत्या का?’)

होत्या, बावा, होत्या! विषय निघालाच आहे तर सांगतो. ३१ डिसेंबर २०२४, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, गोठणगाव गेट. एफ-टू वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर, आणि पुढून-मागून जिप्स्या. वाट अडली. चालक-गाइडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. वाघिणीची पोरं मधल्या मधे, आणि लोक फोटो काढताहेत! जिप्सीवाल्याचंही ऐकावं लागतं. वाघ दाखवला नाही तर पर्यटक त्याच्यावरच चिडतो. असो. (चिठ्ठी येते.) पाच मिनिटं? आत्ता तर कुठं सुरुवात केली! (हशा)

तर उत्तर देतो, पळ काढत नाही. उमरेडला गाड्या गेटवर मोजल्या, गर्दी झाली वाघिणीपाशी. मोजायचं तिथं, जिथं दाटी होते. लाउंजचं बरं आहे, दाटी त्या एकाच खोलीत असते. खुर्च्या किती, या तासाला आत किती, एवढं दारावर दिसू द्या. सकाळच्या विमानांना तासावारी आगाऊ नोंदणी ठेवा. डेल्टानंच २०२२ मध्ये उड्डाणाआधीच्या तीन तासांतच या, असं सांगितलं होतं. तो नियम मला १० भेटींपेक्षा शहाणा वाटतो.

प्रश्नांना वेळ उरला नाही, माफ करा. पोरांना मात्र सांगा, दिवाळीचं तिकीट काढताना कार्डाची तिमाहीची अट आधी वाचून घ्या.