पोरगी कुठं अडते, ते विचारा

रोवणी आटोपली, बांध्या हिरव्या झाल्या, गटाच्या सभा पुन्हा वेळेवर व्हायला लागल्या. आज मात्र बचतीचं नाही, लेकरांच्या परीक्षेचं बोलते.

मागच्या सभेत एका ताईनं विचारलं, "पाचवीत आता नापास करतात म्हणे. माझी पोरगी राहिली तर तिचा बाप शाळा सोडवीन म्हणतो." सगळ्या गप्प झाल्या. कारण शाळा सुटली की पोरगी रोवणीला आणि पुढं लग्नाला, हे आपल्याला ठाऊक आहे.

तर आधी नियम ऐका. 2023 मध्ये महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात लेकरू राहिलं तर त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. तरीही राहिलं, तर वर्ग तोच. पण आठवी होईस्तोवर शाळेतून काढता येत नाही. हे घरी नीट सांगा.

त्याआधी, 2010 पासून, आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नाव लांबलचक, पण गोष्ट ओळखीची. आपला गट नुसत्या बँकेतल्या शिलकेवरून चांगला ठरतो का? नाही. पंचसूत्री बघतात: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर. तेही वर्षभर. तसंच गुरुजींनी रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, प्रकल्प बघायचे. हे आकारिक. सत्राच्या शेवटचं ते संकलित. पहिली-दुसरीला शंभरातले 70 गुण आकारिकचे ठरले, सातवी-आठवीला 40.

मला ही पद्धत पटते. पण लोकांच्या लक्षात राहिलं एवढंच, की नापास करत नाहीत. आणि वर्णनात्मक नोंदी? एका वर्गातल्या चार पोरांची प्रगतिपुस्तकं मी पाहिली. चौघांवर तेच वाक्य, 'आवडीने वाचन करतो'. त्यात एक मुलगी होती! अशा नोंदीपेक्षा परीक्षा बरी, असं कोणी म्हटलं तर त्याला काय उत्तर द्यायचं?

'प्रथम' संस्थेचा असर नावाचा पाहणी अहवाल 2005 पासून निघतो. त्यांची माणसं घरी येतात, एकेका लेकरासमोर कागद धरतात. अक्षरं, शब्द, सोपा उतारा, मग गोष्ट. पास-नापास काही नाही. कुठवर वाचता येतं तेवढं कळतं. हे आपल्यालाही जमेल. जिला स्वतःला वाचता येत नाही, तिच्याही कानाला कळतं, पोरगी सलग वाचते की अडखळते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या बाया असायलाच पाहिजेत. तिथं नुसती सही करून येऊ नका. दिवाळीच्या आगेमागे पहिल्या सत्राचा निकाल येईल. किती गुण पडले, हे मागाहून. आधी विचारा, "गुरुजी, ही कुठं अडते? आणि त्यासाठी काय करणार?" मार्चमध्ये विचारून उपयोग नाही.

पुढच्या सभेला पासबुकासोबत प्रगतिपुस्तकही आणा. आपण मिळून वाचू.