दाटी आणि शेजार
(नभोवाणीवरील भाषण)



मुंबईहून मोटारीनें गोव्यास जाणाऱ्या प्रवाशास बांदा हा गांव दिसतो न दिसतो तोंच मागें पडतो. सावंतवाडी सोडावी, थोड्या वेळानें बांदा यावा, आणि लगेच पुढें पत्रादेवीपाशीं गोव्याची हद्द लागावी. 1955 च्या 15 ऑगस्टला गोवा-मुक्तीचे सत्याग्रही याच वाटेनें हद्द ओलांडावयास गेले होते, एवढी ओळख कित्येकांस असेल. परंतु महामार्गावरून दिसतो तो खरा बांदा नव्हे. खरा बांदा खालीं, तेरेखोल नदीच्या अंगास, बाजारपेठेंत आहे. माझें बालपण तेथें गेलें, आणि आज त्या पेठेच्या निमित्तानें दाट वस्तींतील राहणें कसें असतें, याविषयीं चार शब्द बोलावयाचें मीं योजिलें आहे.

पेठेंतील जुनीं घरें जांभ्या चिऱ्यांचीं आणि कौलारू. एकमेकांस खांदा लावून उभीं. पुढें दुकान, मागें राहतें घर, वर माडी आणि परसांत विहीर. किराणा, शिंपी, डॉक्टर, शाळा, देऊळ आणि मासळीचा बाजार हीं सारीं म्हाताऱ्या माणसानें पायीं गाठावीं इतकीं जवळ. आमच्या घरांत फोडणी करपली कीं, भिंतीपलीकडून काकी विचारीत, “काय गो, लक्ष खंय होता?” या एका प्रश्नांत पेठेंतील राहण्याचें सुख आहे, आणि दुःखहि आहे.

पॅरिस येथील कार्लोस मोरेनो या अध्यापकांनीं 2016 मध्यें अशी कल्पना मांडली कीं, नागरिकाच्या नित्याच्या सर्व गरजा घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर भागाव्या. ती वाचून मला हंसूं आलें. आमच्या पेठेनें कोणताहि आराखडा न काढतां हें साधलें होतें! मात्र हंसण्याबरोबर एक शंकाहि मनांत आली. जवळ राहणें आणि दाटींत राहणें या दोन गोष्टी एकच आहेत काय?

मुंबईचा इतिहास याचें उत्तर देतो. 1896 सालीं तेथें प्लेग आला. कोंदट खोल्यांतून माणसें मेलीं, तेव्हां 1898 मध्यें शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आंखीव वस्ती ही त्याच्याच योजनांतून उभी राहिली. तेथें घरें जवळ, परंतु प्रत्येकास हवा, उजेड, आणि मधें मोकळी जागा. उलट 1920 नंतर सरकारनें वरळी, नायगांव, शिवडी, डिलाईल रोड येथें ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एकेक खोली सुमारें 160 चौरस फुटांची. अशा खोल्यांतून कोंकणांतल्या कितीएक कुटुंबांनीं पिढ्या काढल्या. तेथें शेजार गाढ होता हें खरें, परंतु त्या शेजाराचें गुणगान करतांना त्या 160 फुटांचा विसर पडूं देणें हा अन्याय होय. दाटी माणसावर लादली जाते. शेजार मात्र माणसांस स्वतः निर्माण करावा लागतो.

तो निर्माण करणें सोपें नसतें. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या कौलांच्या पागोळ्यांवरून तंटा होता. त्यांच्या छपराचें पाणी आमच्या भिंतींत मुरतें, ही आमची तक्रार. भिंत मुळांत सामाईक आहे, हें त्यांचें म्हणणें. प्रकरण वकिलापर्यंत गेलें. दोन वर्षें उभय घरांत बोलणें नव्हतें. ज्या भिंतींतून फोडणीचा वास येई, त्याच भिंतीमुळें आम्ही एकमेकांस पारखे झालों. विस्तीर्ण आवारांत राहणाऱ्यास असलें वैर परवडतें. पेठेंत मात्र ज्याच्याशीं अबोला, त्याचा खोकला रात्रभर ऐकावा लागतो.

2019 च्या ऑगस्टांत तेरेखोलीस पूर आला आणि पाणी पेठेंत शिरलें. रात्रीं त्या सामाईक भिंतीवर कोणीसें मुठीनें ठोकूं लागलें. “उठा, पाणी इला! आवशीक वर घेवन येवा!” आमची माडी जुनी, तिची तक्तपोशी कुजलेली, हें त्यांस ठाऊक होतें. शेजारचे काका गुडघाभर पाण्यांतून आले, आणि त्यांनीं व माझ्या थोरल्या बंधूंनीं मिळून आईस त्यांच्या माडीवर नेलें. ती रात्र आम्ही दोन्ही कुटुंबांनीं एका चुलीच्या चहावर काढली. सकाळीं खालीं पाहतों तों दुकानांतील तांदूळ, साखर, वह्या, साराच चिखल झालेला.

आपणांस वाटेल कीं, तंटा तेथेंच मिटला. तसें झालें नाहीं. पूर ओसरला, भिंत वाळली, आणि पागोळ्यांचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहिला. फरक एवढाच पडला कीं, आतां आम्ही तो वकिलामार्फत न बोलतां ओट्यावर बसून बोलतों. मला हा फरक लहान वाटत नाहीं.

बंधूंनीं मात्र पुढें पेठ सोडली. महामार्गाच्या बाजूस, उंच जागीं त्यांनीं घर बांधलें. त्यांस कोण दोष देईल? 2021 च्या जुलैंत पुन्हां पाणी चढलें, तेव्हां त्यांच्या घरांतलें कोणी जागें झालें नाहीं. परंतु आई रोज सकाळीं रिक्षानें पेठेंत येते, जुन्या ओट्यावर बसते, आणि दुपारीं परत जाते. तिकडे काय उणें, असें विचारल्यास म्हणते, “थंय सगळां आसा. हांक मारूक कोण नाय.”

हा प्रश्न आतां एका घराचा राहिलेला नाहीं. बांद्याचीं मुलें नोकरीसाठीं गोव्यांत जातात. 2023 च्या जानेवारीपासून हद्दीपलीकडे मोपा येथून विमानें उडूं लागलीं. गांव हळूहळू गोव्याचें उपनगर होऊं पाहत आहे, आणि नव्या वसाहती उठणारच. त्या बांधणाऱ्यांस माझें सांगणें इतकेंच. नदीच्या काठचे मळे भरून घरें उठवूं नका. पावसाळ्यांत पाण्यासहि कोठें तरी बसावयास जागा लागते. ज्यानें पूर भोगला आहे, त्यास पुन्हां पुराच्या तोंडीं राहा म्हणणें हें शेजारप्रेम नव्हे. परंतु उंचावर घर बांधतांना तें एकाकी बांधूं नका. दारें समोरासमोर असावीं, दुकान पायीं गाठतां यावें, म्हाताऱ्यांस बसावयास सावलीचा ओटा असावा. आणि पागोळ्यांचें पाणी कोठें जाईल, हें मात्र आधीं ठरवून घ्यावें!

भिंत जाड असावी, म्हणजे घर सुरक्षित राहतें. पण रात्रीं कोणी ठोकलें तर ऐकूं यावें, इतकी ती जवळ असावी.