पहाटेची साखर : मधुमेही रुग्ण आणि माणदेशातील रात्र

आटपाडी तालुक्यातील एखादा शेतकरी रात्री साडेआठास जेवतो, गोड काही खात नाही, सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घेतो आणि कागदावर १८० चा आकडा पाहून चक्रावून जातो. दहा तास पोटात अन्नाचा कण नसताना साखर आली कोठून? घरची माणसे संशयाने डब्यांकडे पाहू लागतात. रुग्ण मनाशी ठरवितो की, आजपासून रात्रीचे जेवण बंद आणि गोळी दुप्पट. हा निर्णय बहुधा चुकीचा असतो आणि कित्येकदा धोक्याचा ठरतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करावयास हवा.

रक्तातील साखर केवळ ताटातून येत नाही. यकृत हे शरीराचे साखरेचे कोठार होय. माणूस झोपलेला असतानाही मेंदूला साखर लागते आणि ती यकृत रात्रभर थोडीथोडी पुरविते. पहाटे तीनच्या सुमारास शरीर जागे होण्याची तयारी करू लागते. वृद्धी संप्रेरक, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन आदी द्रव्यांचा जोर वाढतो आणि यकृत अधिक साखर सोडते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी जादा इन्सुलिन सोडून तोल सांभाळते. मधुमेहात तो तोल सांभाळला जात नाही. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘पहाटेची घटना’ या अर्थाचे नाव मिळाले. यात रुग्णाचा काही अपराध नाही, हे घरच्यांना प्रथम सांगितले पाहिजे.

परंतु सकाळचा चढा आकडा प्रत्येक वेळी पहाटेमुळेच येतो असे नाही. रात्री उशिरा झालेले भरपेट जेवण, एकादशीच्या दिवशी रात्री घेतलेली साबुदाण्याची खिचडी, झोपण्यापूर्वीचा गुळाचा चहा, किंवा संध्याकाळी घेतलेल्या औषधाचा अंमल पहाटेपूर्वीच संपणे, हीही कारणे असतात. आणखी एक कारण फार वर्षे सांगितले जात आले. रात्री साखर अतिशय खाली गेली की शरीर उसळी घेते व सकाळी ती चढलेली दिसते, असे मत मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडले. चोवीस तास साखर मोजणारी साधने आल्यानंतर असे आढळले की, रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच असते. तेव्हा ही उसळी पूर्वी समजली जाई तितकी सार्वत्रिक नाही. तथापि, रात्री साखर उतरते की नाही हे पाहिल्यावाचून औषध वाढवू नये, हा नियम मात्र आजही तितकाच खरा आहे.

कारण शोधण्याचा मार्ग सोपा आहे. साखर मोजण्याच्या लहान यंत्रावर झोपताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर, अशा तीन नोंदी काही दिवस कराव्यात. झोपतानाच आकडा चढा असेल तर दोष संध्याकाळच्या जेवणात किंवा औषधात शोधावा. झोपताना व तीन वाजता ठीक आणि सकाळी चढा, तर ती पहाटेची घटना किंवा औषधाचा अंमल अपुरा पडल्याची खूण. तीन वाजता आकडा ७० च्या खाली असेल, तर औषध वाढविणे नव्हे, कमी करणे हाच बहुधा उपाय असतो. तो निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. पण नोंदींची वही नसेल तर डॉक्टरही अंदाजच बांधणार. उपाशीपोटीची साखर साधारणपणे ८० ते १३० च्या दरम्यान राहावी असे पुष्कळशा रुग्णांसाठी मानले जाते. वृद्धांसाठी ही मर्यादा सैल ठेवतात.

माणदेशात या प्रश्नाला एक वेगळीच बाजू आहे. टेंभू योजनेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा वाढल्या; परंतु जेथे शेतीपंपाची वीज रात्रपाळीने येते, तेथे शेतकऱ्यास मध्यरात्री दारे धरावयास जावे लागते. संध्याकाळी इन्सुलिन टोचून किंवा साखर उतरविणारी गोळी घेऊन, भाकरीचा चतकोर खाऊन हा मनुष्य फावडे घेऊन बाहेर पडतो. श्रमाने साखर आणखी उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे अंधारात एकट्याला उमगत नाहीत, आणि विहीर जवळ असते. सकाळच्या आकड्याला भिऊन ज्याने डोस वाढविला असेल, त्याची ही रात्र सर्वांत घातक. अशा माणसाने रात्रपाळीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, निघण्यापूर्वी साखर तपासावी व थोडे खाऊन निघावे, खिशात साखर ठेवावी, आणि एकटे जाऊ नये. लक्षणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध झालेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पहाटेच्या साखरेवर जेवण सोडणे हा उपाय नव्हे. जेवण लवकर घ्यावे, भाकरी बेताची व सोबत मटकी, डाळ, पालेभाजी भरपूर असावी, आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. ज्या औंध संस्थानात आटपाडी होती, तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते; त्या काळच्या मुलांनी नाके मुरडली असतील, पण व्यायामाने शरीर इन्सुलिनला अधिक दाद देते, हे आज निश्चित ठाऊक आहे.

‘आमचा माणूस काटक, त्याला कसला मधुमेह?’ हा समजही सोडावा लागेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात, वजनाने लहान असलेल्या अर्भकांच्या अंगीही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. बारीक अंगकाठी ही हमी नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

इन्सुलिनच्या साठवणीकडेही लक्ष हवे. न उघडलेली कुपी शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरातील कुपी ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते; चैत्र-वैशाखात आटपाडीच्या पत्र्याच्या घरात ती त्याआधीच निकामी होते आणि सकाळची साखर विनाकारण चढू लागते. शीतकपाट नसेल तेथे पाणी भरलेल्या मातीच्या माठात, कुपी भिजणार नाही अशा बंद डब्यात ठेवावी.

वाड्यावस्त्यांवरून उपाशीपोटी निघालेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात दुपारपर्यंत ताटकळला, तर तो आकडा सकाळचा राहत नाही. ग्रामपंचायतीने आरोग्य उपकेंद्राशी ठरवून महिन्यातून एखादा दिवस सकाळी सातलाच रक्त तपासण्याची व्यवस्था गावात करावी. आकडे लिहिता न येणाऱ्या वृद्धांच्या वह्या शाळेतील गुरुजींनी किंवा नातवंडांनी भरून द्याव्यात. वहीत तारखेबरोबर ‘रात्रपाळी होती’ एवढे दोन शब्दही असावेत.