सारखेपणाची पारख



प्रत्येक गाय रंगानें व शिंगांनीं निराळी असते. तरी सर्वांस ‘गाय’ म्हणतांना कोणता भेद सोडावा व कोणता धरावा, हें आपण केव्हां तरी शिकलेले असतों. ही विद्या केवळ मनुष्याची नव्हे.

सन १९६४ मध्यें हर्न्स्टाइन व लव्हलंड या अमेरिकन संशोधकांनीं कबुतरांस छायाचित्रें दाखविलीं. चित्रांत माणूस असतां टोंच मारली तर दाणा मिळे, एरवीं नाहीं. माणूस कधीं उभा, कधीं बसलेला, कधीं अर्धा झांकलेला. तरी पूर्वीं न पाहिलेल्या चित्रांतहि कबुतरांनीं तो ओळखला. केनियांतील व्हर्वेट माकडांत बिबट्या, गरुड व साप यांसाठीं तीन निरनिराळ्या हांका आहेत. सायफार्थ, चेनी व मार्लर यांनीं १९८० मध्यें नमूद केलें कीं, पिलें निरुपद्रवी पक्षी, किंबहुना गळतें पान पाहूनहि गरुडाची हांक देतात. वय वाढतें तसतसा हा वर्ग आकुंचित होतो. शेळीसहि ‘हम्मा’ म्हणणारें आपलें मूल असेंच चुकत चुकत सुधारतें.

परंतु जेथें चूक सुधारण्यास दुसरी संधि नाहीं, तेथें काय? वाशीम जिल्ह्यांतील खेड्यांत पावसाळ्याच्या रात्रीं हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. सोयाबीन-तुरीच्या शेतांलगतच्या घरांत मण्यार शिरते, तसा कवड्याहि शिरतो. दोहोंचाहि रंग काळपट, अंगावर पांढरे आडवे पट्टे, आणि संचार रात्रींचा. कवड्या बिनविषारी; मण्यारीचें विष मात्र श्वास बंद पाडतें, आणि दंशाची वेदना इतकी थोडी कीं जमिनीवर निजलेल्यास पुष्कळदां जागहि येत नाहीं. जाणकार सांगतात, कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटाकडे पुसट. मण्यारीचे मानेपासून कांहीं अंतरावर सुरू होऊन शेपटाकडे स्पष्ट. लक्षण खरें, पण प्रत्येक जनावर नियमाबरहुकूम रंगलेलें नसतें, आणि अंधारांत पट्टे पाहत कोण बसणार?

दोरीस साप समजणें व सापास दोरी समजणें हे दोन्ही भ्रम वेदान्त्याच्या लेखीं सारखेच असतील. संसारांत त्यांची किंमत सारखी नाहीं. पहिल्यांत नुसती भुई धोपटली जाते, दुसऱ्यांत माणूस जातो. म्हणून येथें ‘विषारी’ हा वर्ग मुद्दाम ऐसपैस ठेवावा. साप मारूं नये, हातींहि धरूं नये. वैद्यकानेंहि हाच मार्ग धरला आहे: नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषांवर आपल्या देशांत एकच मिश्र प्रतिविष देतात, आणि तें द्यावें कीं नाहीं हें डॉक्टर रोग्याच्या लक्षणांवरून ठरवितात. तेव्हां दंश झाल्यास सापाची जात शोधण्यांत वेळ न दवडतां रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. भेद ओळखणें ही बुद्धि खरी; पण निवाडा केव्हां आपल्या हातीं ठेवूं नये, हें जाणणें हा विवेक होय.