शेवटचा डबा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नाशी उलटलेल्या सरकारी नोकराने खेळण्यातील आगगाडीवर भाषण करावे, हे काहींना विनोदी वाटेल. परंतु ज्यांनी आपल्या मंडळाचा २०२२ सालचा गणेशोत्सवातील देखावा पाहिला, त्यांच्या मनात एक प्रश्न अद्याप शिल्लक असणार. त्याचे उत्तर देणे आम्हांला भाग आहे. त्या संध्याकाळी आरती आटोपल्यावर, सर्वांच्या देखत, आमची प्रवासी गाडी बोगद्यात शिरली आणि आत उभ्या असलेल्या मालडब्यांवर जाऊन आदळली. ती का आदळली?

'आम्ही' म्हणजे मंडळाचे चार सभासद. त्यांत अभियंता एकही नाही. प्रस्तुत वक्ता तर साधा बी. ए.; चौथी सभासद त्या वेळी अकरावीत शिकणारी मुलगी. कल्पना आम्हांला पुण्याने दिली. कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ते पाहून परतल्यावर दिल्लीतल्या मराठी मुलांना बोरघाट दाखवावा, असे मनाने घेतले. या मुलांनी आजोळी जाताना घाट विमानातून ओलांडलेला. त्यांना बोगदा आणि चढण कोठून ठाऊक असणार?

गाड्या ८७ पटींनी लहान केलेल्या, रुळांतील अंतर साडेसोळा मिलीमीटर. जाणकार येथे आम्हांला पकडतील. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलीमीटरचा. त्या हिशेबाने हे अंतर एकोणीस मिलीमीटरांहून थोडे अधिक हवे. बाजारात मिळणारे रूळ युरोपीय मापाचे असतात, तेव्हा हा दोष पत्करावा लागला.

गाड्या आपोआप चालाव्यात, थांबाव्यात, सांधे बदलावेत, यासाठी आम्ही आर्डुइनो नावाचे छोटे पटल घेतले. २००५ साली इटलीतील इव्रिया गावी, विद्युतशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते तयार झाले, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. सुटे भाग लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटातून आणले. हे पटल सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मोजते, परंतु त्याच्या एका टाचणीतून मिळणारा प्रवाह एक बारीक दिवा लावण्यापुरताच. त्यावर एंजिन चालत नाही. म्हणून मध्ये दुसरे एक मंडल लागते, जे पटलाचा हुकूम ऐकते आणि बारा व्होल्टचा प्रवाह रुळांत सोडते. कार्यालयात टिपण्णी कोणी लिहितो व पैसा दुसऱ्या खात्यातून सुटतो, तसाच हा प्रकार.

मार्गाचे आम्ही चार खंड पाडले. एका खंडात एका वेळी एकच गाडी, हा खऱ्या रेल्वेचाच नियम. प्रत्येक खंडाच्या अखेरीस रुळांलगत एक डोळा बसविला. एंजिन त्याच्यासमोरून गेले की पटलाने समजावयाचे, खंड मोकळा झाला. मागच्या गाडीस सिग्नल द्यावा. पंधरा दिवस सर्व सुरळीत चालले. आम्हांला वाटले, आपण रेल्वे जिंकली.

बोरघाटाची चढण खऱ्या मार्गावर सदतीस फुटांस एक फूट आहे. जागेअभावी आमची त्याहूनही खडी झाली. चढण संपून बोगद्यात सपाटी लागते, तेथे मालगाडीला हिसका बसला, कडी सुटली आणि शेवटचे तीन डबे अंधारात राहिले. एंजिन उरलेले डबे घेऊन डोळ्यासमोरून ऐटीत निघून गेले. पटलाने सिग्नल दिला. पुढचे आपण पाहिलेच.

रात्री आवराआवर करताना आम्ही तिघे वडीलधारे त्या कडीलाच दोष देत होतो. मुलगी म्हणाली, "काका, कडी तर केव्हाही सुटेल. पण गाडी गेली हे आपल्याला एंजिनाने सांगितलं. शेवटच्या डब्याला कुठे विचारलं आपण?"

आम्ही गप्प झालो. आपल्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यावर 'एल. व्ही.' अशी पाटी असते, रात्री तांबडा दिवा असतो. लहानपणापासून पाहिलेली ती पाटी कशासाठी, हे त्या रात्री कळले. ती दिसल्यावाचून गाडी पूर्ण आली असे स्टेशनावरच्या माणसाने मानावयाचे नसते. २० ऑगस्ट १९९५ रोजी, दिल्लीकडे येणाऱ्या मार्गावर फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेस नीलगाईस धडकून उभी राहिली होती. ती पुढे गेली आहे असे समजून मागून पुरुषोत्तम एक्स्प्रेसला वाट दिली गेली. तीनशेहून अधिक माणसे गेली. आमचे तीन डबे लाकडाचे व पत्र्याचे होते. त्यामुळे आम्हांला हसता आले.

उपाय त्या मुलीनेच सुचविला. शेवटच्या डब्याखाली एका कडेला वाटाण्याएवढे लोहचुंबक चिकटविले आणि खंडाच्या टोकाशी त्याच बाजूस चुंबक ओळखणारा डोळा ठेवला. कडेला अशासाठी, की एंजिनाच्या मोटारीतही चुंबक असते आणि ते मध्यभागी असल्याने प्रथम आमची फसगत झाली. आता एंजिन गेल्याने काहीच ठरत नाही. चुंबक गेले तरच खंड मोकळा.

यातील खरी खुबी उशिरा ध्यानात आली. चुंबक पडले, तार तुटली, डोळा बिघडला, तर पटलाला निरोपच मिळत नाही आणि सिग्नल तांबडा राहतो. पूर्वीची आमची व्यवस्था निष्काळजी होती, ही दुसरी संशयी आहे. रेल्वेत ही वृत्ती फार जुनी. रुळांतून बारीक प्रवाह सोडून, तो मिळत असेल तोवरच मार्ग मोकळा समजण्याची युक्ती १८७२ सालची आहे. रूळ तुटो की बॅटरी संपो, प्रवाह थांबला की धोका. आपण मराठीत 'सिग्नल पडला' म्हणतो ते जुन्या हाताच्या सिग्नलवरून. हात खाली आला म्हणजे गाडीने निघावे. पण तार तुटली तर वजनाच्या भाराने तो हात वर, धोक्याच्या जागी जातो. आमच्या मंत्रालयात मात्र मुदतीत आक्षेप न आल्यास संमती गृहीत धरण्याची पद्धत आहे. त्याविषयी निवृत्तीनंतर बोलू.

वीज जाऊन आली की पटलाला आधीचे काही स्मरत नाही. म्हणून सुरुवातीस चारही खंड भरलेले आहेत असेच त्याने मानावे, अशी आज्ञा लिहिली आहे. एक माणूस वाकून प्रत्येक खंड पाहतो आणि बटण दाबतो. एवढे काम यंत्रावर सोपविण्यास मुलगी तयार नव्हती.

२०२३ च्या देखाव्यात दुसऱ्याच दिवशी प्रवासी गाडी वीस मिनिटे बोगद्याबाहेर उभी राहिली. "यंदाही बंद पडलं वाटतं," असे मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, ते आम्ही ऐकले. बोगद्याचे झाकण उचलून पाहिले. आत डबा एकही नव्हता. मालगाडी सगळीच्या सगळी पुढे गेली होती. फक्त चुंबक निखळून रुळांशेजारी पडले होते. ते पुन्हा चिकटविले, बटण दाबले, आणि गाडी घाट उतरू लागली तेव्हा आरतीची घंटा झाली होती.