नीळ घातलेला चुना



दिवाळी जवळ आली, की बचत गटाच्या बैठकीत रंगासाठी कर्ज मागणारी एखादी तरी असतेच. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या शिलाईवाल्या ताईंनी मागितलं. त्यांची मशीनची खोली चुलीच्या धुरानं काळवंडलेली. भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवायचा. त्यांना फिकट निळा रंग हवा होता. पेंटरनं सांगितलेला आकडा ऐकून आम्हीच म्हटलं, कर्ज कशाला? चुन्यात नीळ घालू, सगळ्याजणी मिळून देऊ.

आपल्या आया-आज्यांनी हेच केलंय. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून किलोला ३ ग्रॅमपर्यंत नीळ घालतात. ती वाढवत नेली, की आकाशी रंग येतो. अंधाऱ्या खोलीला फिकटच बरा; गडद निळा उजेड खातो. छत पांढरंच ठेवावं.

आधी भिंती खरवडून काजळी धुतली. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. ओल असेल तर ती कुठून येते ते आधी बघायचं, नाहीतर पोपडे ठरलेलेच. चुन्याची कळी लोखंडी पिंपात भिजवली, किलोला ५ लिटर पाणी. कळी पाण्यात थोडी थोडी सोडायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. चुना खदखदा उकळतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको आणि जर्मनचं पातेलंही नको. पोरांना लांब ठेवायचं. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून डिंकाचं पाणी घातलं.

चूक निळीत झाली. पुडी थेट ओतली, गुठळ्या राहिल्या आणि पहिल्या भिंतीवर निळे फरांटे उठले. तिथं आता कापडाचं कपाट उभं आहे! मग नीळ पुरचुंडीत बांधून वेगळ्या पाण्यात कालवली. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणून दाराआड हातभर पट्टा मारून वाळू द्यावा आणि मग नीळ वाढवायची का ते ठरवावं. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ ३ हात दिले. एकच जाड हात दिला तर तो सुटतो.

छताकडेचा हात देताना ताईंच्याच डोळ्यात चुना उडाला. कुणी म्हणालं दूध घाला, कुणी तूप. नशिबानं आशाताई तिथंच होत्या. त्यांनी काहीच घालू दिलं नाही, चोळूही दिलं नाही. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्यानं २० मिनिटं डोळा धुतला आणि लगेच दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. पण जिचं पोट सुईदोऱ्यावर, तिला आम्ही चार पैसे वाचवायच्या नादात उघड्या डोळ्यांनी शिडीवर चढवलं होतं. हे सांगताना आजही घशाशी येतं.

खोली छान झाली. दुपारी दिवा लागत नाही. यंदा आणखी तिघींना निळा रंग हवाय. गटाच्या पैशातून कडेनं बंद असणारे चष्मे आणि रबरी हातमोजे घेतलेत. ते हिशेबाच्या वह्यांच्या पेटीत असतात, नेणारीनं सही करायची. आणि शिडीजवळ पाण्यानं भरलेला हंडा ठेवल्याशिवाय चुन्याच्या पिंपाचं झाकण काढायचं नाही.