रिमोटवरची अक्षरं

टीव्हीच्या रिमोटवर आकड्यांच्या बटणांखाली बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, हे माझ्या ध्यानात यायला घरात आजारपण यावं लागलं. दोनच्या खाली ए, बी, सी. तीनच्या खाली डी, ई, एफ. असं करत नऊपर्यंत. आपण रिमोट हातात घेतो तो आवाज वाढवायला, नाहीतर चॅनल बदलायला. त्या अक्षरांकडे कोण बघतो?

श्रोते हो, ही गोष्ट २०१४ सालची, मिरजेतली. माझे वडील छापखान्यात कंपॉझिटर होते. मराठीत याला ‘जुळारी’ असा छान शब्द आहे, पण छापखान्यात तो कुणी वापरत नसे. मराठी टाइपाच्या केसेत इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरांची सोय नसते. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, सगळ्यांची वेगळी घरं. शेकडो घरं, आणि ती सगळी अब्बांना न बघता ठाऊक. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं घरातला खिळा उचलायचा, स्टिकमध्ये ठेवायचा आणि डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचा. नाहीतर ओळ कोसळते. छापून झालं की मजकूर सोडवून एकेक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा. सदतीस वर्षं त्यांनी हे केलं. पुढं कॉम्प्युटर आले, मालकांनी खिळे वजनावर मोडीत घातले आणि अब्बा घरी बसले.

त्यांना अर्धांगाचा झटका आला त्यात उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, शब्दही आठवताहेत, फक्त तोंडातून उच्चार होत नाहीत. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही पाटी दिली, कागद दिला. डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या उमटत, आणि कागद सरकून जाई. मोबाइलची बटणं त्यांच्या बोटांना बारीक आणि त्याचा पडदा त्यांच्या डोळ्यांना त्याहून बारीक. मग आम्ही विचारायचं आणि त्यांनी मान हलवायची, असं सुरू झालं. क्या होना अब्बा? पानी? चा? पंखा? दहा वस्तूंची नावं घ्यायची आणि अकरावीच त्यांच्या मनात असायची. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जुळवता येत नव्हतं.

वाट सापडली ती माझ्या मुलीमुळं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. आमच्या सेट टॉप बॉक्सला कार्यक्रम शोधायची सोय होती. रिमोटच्या आकड्यांवरून नाव टाइप करायचं. ए हवा तर दोनचं बटण एकदा, बी हवा तर दोनदा, सी हवा तर तीनदा. ती तिचं कार्टून शोधत होती आणि अब्बा अंथरुणातून पडद्याकडे बघत होते. बत्तीस इंची पडद्यावर एकेक अक्षर मोठं होऊन उभं राहत होतं. त्यांनी डावा हात पुढं केला. आम्हाला वाटलं, टीव्ही बंद करा म्हणताहेत. त्यांना रिमोट हवा होता.

पहिला शब्द जुळवायला पाचेक मिनिटं लागली. सात एकदा, दोन एकदा, सहा दोनदा, चार तीनदा. पी, ए, एन, आय. मुलगी पाण्याचा पेला आणायला धावली. पडद्यावर त्या पेटीनं उत्तर दिलं होतं: असा कोणताही कार्यक्रम सापडला नाही.

पुढचे सात-आठ महिने हेच चाललं. त्या पेटीला त्यांचं एकही मागणं कधी सापडलं नाही. ‘चा’ टाइप केलं की ती चॅप्लिनचे सिनेमे दाखवायला बघे. आम्ही मात्र चहा टाकत असू. एक गोष्ट मला फार नंतर उमजली. शब्द आम्ही वाचला असं दिसलं की अब्बा तो पुसून टाकत, मागून पुढं, एकेक अक्षर. खिळे घरात टाकायची सवय.

आकड्यांवर ही अक्षरं बसवली कुणी, ते मी पुढं वाचलं. ती रिमोटची नव्हेतच, टेलिफोनची आहेत. अमेरिकेत पूर्वी फोन नंबरात एक्स्चेंजच्या नावाची अक्षरं असत, म्हणून डायलवर अक्षरं आली. १९६३ साली बेल कंपनीनं गोल डायलऐवजी बटणांचा फोन आणला, त्यावरही ती राहिली. पुढं मोबाइलवर एसएमएस सुरू झाले तेव्हा तीच कामाला आली, आणि तिथून रिमोटवर उतरली. जुन्या डायलवर क्यू आणि झेड नव्हतेच. नंतर सातवर क्यू घुसवला, नऊवर झेड. त्यामुळं बिचारा एस तिसऱ्या जागेवरून चौथ्या जागेवर गेला. म्हणजे एस हवा तर सातचं बटण चार वेळा दाबायचं.

कुठल्याही कंपॉझिटरला हे पटणार नाही. ज्या अक्षराचं काम जास्त, त्याचं घर हाताजवळ, हा केस लावण्याचा साधा नियम. तारायंत्राच्या मोर्स लिपीतसुद्धा इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या ई या अक्षराला एकच टिंब दिलंय. इथं सगळं बाराखडी घोकल्यासारखं ओळीनं. त्यात दोन दाबांमध्ये सेकंदभर थांबलं तर अक्षर पक्कं होऊन जातं. अब्बांचा अंगठा सावकाश चालणारा. एस लिहायला जावं तर चार पी उभे राहत. महिनाभर झगडून त्यांनी एस सोडून दिला. एस असलेला शब्दच वापरायचा नाही. ‘साखर’ हवी असेल तर ‘गोड’ लिहीत. माझ्या एका बहिणीच्या नावात दोनदा एस येतो, तिला त्यांनी ‘धाकटी’ करून टाकलं. ती बहिणींत थोरली आहे, पण रुसली नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलच्या टेजिक नावाच्या कंपनीनं यावर तोड काढली होती. प्रत्येक बटण एकदाच दाबा, शब्द कोणता असेल ते यंत्र आपल्या शब्दकोशातून ओळखेल. तिचं नाव टी-नाइन. तिच्या जनकांपैकी क्लिफ कुशलर हे आधी बोलता न येणाऱ्यांच्या साधनांवरच काम करत होते, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या रिमोटला ती सोय नव्हती. असती तरी त्या कोशात आमचे शब्द कुठले असणार? गंमत म्हणून कागदावर मांडून पाहिलं: सात, दोन, सहा, चार. यात पाणीही बसतं, राणीही बसते आणि ‘सांग’सुद्धा बसतं.

आता जरा माझ्या स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलतो. मी मराठीत कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो. संमेलनाला गेलं की कुणीतरी प्रेमानं म्हणतंच, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ घरचे नातेवाईक विचारतात, ‘अपनी जबान में कायकू नै लिखता?’ दोघांनाही उत्तर देता देता मी पन्नाशी ओलांडली. अब्बांना हा प्रश्न कधी पडला नसावा. आमच्याशी ते दखनी बोलत आणि छापखान्यात, प्रुफांत, हिशेबात मराठी. आता पडद्यावर पी, ए, एन, आय उमटलं, तर ते दखनीतलं पानी की मराठीतलं पाणी? रोमन अक्षरांत न आणि ण एकच. मी उगाच तपास करत बसे, अब्बा आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतायत याचा. बायको म्हणायची, आधी पेला तोंडाला लावा.

त्याच हिवाळ्यात माझ्या संग्रहाची प्रुफं आली. पहिल्या पानापासून एकेक पान मी त्यांच्या डोळ्यांपुढं धरत असे. एका पानाशी त्यांनी रिमोट उचलला. व्ही, ई, एल, ए, एन, टी, आय. पंधरा दाब. वेलांटी! मी पान दोनदा वाचलं, काही दिसेना. त्यांनी डोळे मिटून घेतले, छापखान्यात नवशिक्या पोरावर वैतागले की करत तसे. तिसऱ्या वेळी सापडली. ‘दिवा’ची पहिली वेलांटी दुसरी पडली होती. ज्या आठ बटणांत ऱ्हस्व-दीर्घ असं काही नाहीच, त्यांवरून त्यांनी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं. त्या पुस्तकात एकही मुद्रणदोष नाही. कविता कशा आहेत ते विचारू नका.

मुलगी आता कमावती आहे. गेल्या वर्षी तिनं नवा टीव्ही आणला. त्याच्या रिमोटवर आकडेच नाहीत. मोजकी बटणं आणि एक माइक. तोंडानं मराठीत सांगितलं तरी त्याला कळतं. न आणि ण यातला फरकही तो लिहून दाखवतो. शेजारी कौतुकानं बघून गेले. मी म्हटलं, छान आहे, पण याला बोलता येणारा माणूस लागतो. मुलीच्या लक्षात आलं, ती काही बोलली नाही. जुना रिमोट तिनंच कपाटात ठेवलाय. त्याच्या सहाच्या बटणावरची अक्षरं पार पुसली गेलीत.

२०१५च्या मार्चमधली एक संध्याकाळ. संग्रह छापून आला होता. मी खिडकीशी उभा राहून अब्बांना कविता वाचून दाखवत होतो. प्रुफं दाखवली होती, पण मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. किती वेळ वाचत होतो कुणास ठाऊक, बायको म्हणते पाऊण तास. मग पडद्यावर अक्षरं दिसली. बी. थोडं थांबून ए. आणि मग, बऱ्याच प्रयत्नांनी, मध्ये दोनदा चुकलेले पी पुसून, एस. ज्या अक्षराला त्यांनी कितीतरी महिने हात लावला नव्हता, ते.

बस.

यानंतर दहा-बारा दिवसांनी ते गेले. त्या शब्दावरून आमच्या घरात आजही वाद आहे. मी म्हणतो, ‘बस, पुरे झालं,’ असं त्यांना म्हणायचं होतं. बायको म्हणते, छे! तुम्ही एवढा वेळ उभे होता, ते ‘बस’ म्हणाले, खाली बस. मी म्हणतो, मला बसायला सांगायचं तर ते दखनीत ‘बैठ’ म्हणाले असते, तसंच आयुष्यभर म्हणाले, आणि त्यात एस नाही. ती म्हणते, आणि नको झालं असतं तर सरळ ‘पुरे’ लिहिलं असतं, त्यात तरी कुठं एस आहे? यावर माझ्याकडं उत्तर नाही.

तो शब्द त्यांनी पुसला नाही. रिमोट छातीवर ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले. मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या पायाशी बसलो.